श्रीवर्धनजवळच्या जुन्या चिरेबंदी घराचे छप्पर : पुढच्या वादळाआधी काय करावे?

वाडी_आणि_वाडा (प्रश्न)

नमस्कार. श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर, आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), मातीत रचलेल्या आणि वरून गिलावा केलेल्या आहेत. मधल्या घरावर मंगळुरी कौले, पुढे पडवीवर सिमेंटचे पत्रे आणि मागे न्हाणीघरावर लोखंडी पत्रे अशी आजची स्थिती आहे. घरात माझे ७८ वर्षांचे काका आणि काकू वर्षभर राहतात. मी ठाण्याला असतो आणि गणपती, शिमगा आणि मे महिन्यात जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ भर दुपारी आमच्याच किनाऱ्यावर चढले, तेव्हा पडवीचे पत्रे खालच्या लाकडी चौकटीसकट उचलले जाऊन विहिरीपलीकडे जाऊन पडले आणि मधल्या घराची तिसरा हिस्सा कौले गेली. काका-काकू माजघरात लाकडी पलंगाखाली बसून राहिले. टाळेबंदीमुळे आणि नंतर रस्ते व फोन दोन्ही बंद असल्यामुळे मला तेथे पोहोचायला नऊ दिवस लागले, आणि तोपर्यंत पावसाने धान्य, गाद्या आणि भिंतींचा आतला गिलावा सगळे खराब केले होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर, बरेच आत समुद्रातून गेले, तरीही आढ्यावरचे (छपराच्या माथ्यावरचे) कोने आणि चाळीस-पन्नास कौले उडाली. तेव्हापासून आम्ही दर वर्षी नुसती डागडुजी करतो आहोत.

या उन्हाळ्यात एकदाच नीट काम करून घ्यावे असे ठरवले आहे. हाताशी चार लाख रुपये आहेत. गावातले निम्मे लोक सांगतात की कौले काढून लोखंडी चौकटीवर रंगीत पत्रे टाका, आणि एक ठेकेदार स्लॅबचा आग्रह धरून बसला आहे. घरापासून दहा-पंधरा फुटांवर नारळाची तीन झाडे आणि एक मोठा फणस आहे, त्यांचे काय करावे हाही प्रश्न आहे. शिवाय घरपट्टी अजून आजोबांच्याच नावावर असल्यामुळे २०२० साली नुकसानभरपाईचे पैसे मिळायला फार त्रास झाला. ज्यांनी हे सगळे प्रत्यक्ष निभावले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_स्थापत्य

आपला प्रश्न कौले की पत्रे असा मांडला गेला आहे. माझ्या मते तो मुळात छप्पर भिंतीला कशाने बांधले आहे, असा आहे. निसर्गनंतर मी मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा या भागांतली बरीच घरे हिंडून पाहिली. पत्रा फाटून गेलेली घरे थोडी होती. पत्रा, त्याखालची आडवी रीप आणि तिला धरणारा उतरता वासा असे सगळे एकत्र बांधलेले छप्पर भिंतीवरून अख्खे उचलले गेलेली घरे पुष्कळ होती. आपली पडवी चौकटीसकट गेली, म्हणजे पत्रा आणि चौकट यांचा सांधा टिकला आणि चौकट व भिंत यांचा सांधा सुटला. बहुतेक ठिकाणी तो सांधा म्हणजे दोन खिळे असतात, किंवा नुसता वजनाचा भरवसा.

थोडा हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय सुतार ऐकत नाही. निसर्ग किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत त्याहून अधिक होते. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. हा वारा छपरावरून जाताना छपराला खाली दाबत नाही, तो त्याला वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला), कोपऱ्यांत व आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात आणि त्यांचे वजन सगळे मिळून चाळीस किलोच्या घरात जाते. म्हणजे नुसत्या वजनावर बसलेले कौल काठाला आणि आढ्याला तग धरणार नाही, हे कागदावरच दिसते; आपले कोने उडाले त्याचे कारण तेच. आणखी एक गोष्ट अशी की वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, ती चौपट होते. त्यामुळे "एवढा वारा दर पावसाळ्यात असतो" या म्हणण्याला अर्थ नाही.

आता उपाय. आपल्या भिंती मातीत रचलेल्या आहेत, हा सर्वांत नाजूक भाग आहे. वासा भिंतीच्या शेवटच्या थरातल्या चिऱ्याला कितीही घट्ट बांधला तरी वारा तो चिराच उचलून नेईल. म्हणून मधल्या घराच्या चारही भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावा आणि त्या पट्ट्यातून दर दीड मीटरवर एक सळई भिंतीत किमान मीटरभर खाली उतरवून ती सिमेंटच्या मालात पक्की करावी. एक मीटर लांब, एक मीटर उंच आणि फूटभर जाडीची चिऱ्याची भिंत सहाशे किलोच्या आसपास भरते. तुमच्यासारख्या घरात छपराची ओढ भिंतीच्या मीटरमागे दोन-अडीचशे किलोच्या वर जाण्याचे कारण नाही. भिंतीचे ते वजन कामाला लावणे, एवढेच या पट्ट्याचे प्रयोजन आहे. पट्टा ओतताना प्रत्येक वाशाच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी त्यात रोवून ठेवावी, ती वाशावरून वळवून घ्यावी आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट मारावेत. आढ्यावर समोरासमोरचे वासे एकमेकांना पट्टीने जोडावेत, आणि रीप वाशाला खिळ्याऐवजी स्क्रूने बसवावी, कारण खिळा ज्या रेषेत ठोकला त्याच रेषेत ओढीने वर निघतो. चक्रीवादळाच्या प्रदेशातील ठेंगण्या घरांसाठी आयएस १५४९८ हे भारतीय मानक २००४ साली निघालेले आहे. आपल्या ठेकेदाराने ते पाहिले नसेल, परंतु अभियंत्याकडे मागता येईल.

हे सगळे केल्यावर वर कौले ठेवली काय किंवा पत्रे टाकले काय, माझी हरकत नाही. कौले ठेवायची असतील तर वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढ्यालगतची एक ओळ तांब्याच्या किंवा न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधून घ्यावी व कोने सिमेंटात पक्के बसवावेत. मधली कौले मोकळी राहू द्यावीत. त्यांतली काही गेली तर गेली, खालचा सांगाडा वाचतो. पत्रे टाकायचे असतील तर कडेच्या ओळींत स्क्रूंमधले अंतर मधल्यापेक्षा निम्मे ठेवावे आणि रबरी वायसरांत काटकसर करू नये.

पडवीबद्दल एक सूचना आहे. मधल्या घराचेच वासे पुढे काढून पडवी झाकलेली असेल तर ती तोडून स्वतंत्र, खालच्या पातळीवर, स्वतःच्या खांबांवर घ्यावी. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात चिऱ्याच्या भिंतीला पडवीवाचून गत्यंतर नाही. वादळात मात्र वाऱ्याला पहिली पकड मिळते ती या लांब बाहेर आलेल्या छपराचीच. पडवी गेलीच तर एकटी जावी, घराचे छप्पर सोबत ओढून नेऊ नये.

हर्णैची_सून

वरील प्रतिसाद वाचून आमच्या घराचे काय चुकले होते ते सहा वर्षांनी नीट समजले. मी दापोली तालुक्यात राहते आणि निसर्गच्या दिवशी मी, सासूबाई आणि दोन मुले घरातच होतो. पुरुषमाणसे मुंबईला अडकलेली. छपराबद्दल माझ्यापेक्षा जाणते लोक येथे आहेत; मी आधीच्या तीन दिवसांबद्दल आणि नंतरच्या महिन्याबद्दल लिहिते.

वारा समुद्राकडून येईल असे आम्ही गृहीत धरले होते आणि पश्चिमेच्या खिडक्यांना फळ्या मारून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात सकाळी वारा आग्नेयेकडून, म्हणजे घराच्या मागच्या बाजूने सुरू झाला, दुपारी तो नैऋत्येला वळला आणि संध्याकाळी पश्चिमेकडून आला. नंतर एका जाणकाराने समजावले की वादळाचा मध्य आमच्या उत्तरेकडून जमिनीवर चढला, म्हणून वारा असा फिरत गेला. जी गावे मध्याच्या उत्तरेला होती तेथे तो उलट्या क्रमाने फिरला असणार. तात्पर्य, चारही बाजूंची दारे-खिडक्या सारख्याच बंद करायला हव्यात. आमचे मागचे दार, जे गोठ्याकडे उघडते आणि ज्याला नुसती कडी होती, ते पहिल्या तासातच उघडले आणि वारा आत घुसून त्याने कौले आतून वर ढकलली. आता त्या दाराला आतून आडणा (आडवा अडसर) आहे. वादळाच्या वेळी समोरची खिडकी फुटलीच तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एखादी खिडकी उघडून आतला वारा बाहेर जाऊ द्यावा. घरभर खिडक्या आधीच उघड्या ठेवाव्यात, असे जे कोणी सांगतात त्यांचे ऐकू नये. मध्य डोक्यावरून जात असेल तर वारा अचानक थांबतो आणि लोक कौले पाहायला बाहेर पडतात. त्या शांततेत बाहेर जाऊ नये, कारण थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

हवामान खात्याचा इशारा आता टप्प्याटप्प्याने मिळतो: पहिली सूचना बहात्तर तास आधी, मग अठ्ठेचाळीस तासांचा पिवळा, चोवीस तासांचा नारिंगी आणि बारा तासांचा लाल. आमच्या घरात पिवळा इशारा आला की कामे सुरू होतात. झाडांवरचे तयार नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घेतो, कारण त्या वाऱ्यात नारळ तोफगोळ्यासारखा येतो. अंगणातल्या बादल्या, कुंड्या, लाकूडफाटा, उरलेले पत्रे, मांडवाचे बांबू असे जे काही उडण्याजोगे असेल ते सगळे पडवीत नव्हे तर घरात येते. टाकी भरून ठेवायची, कारण रिकामी टाकी उडते आणि पुढे वीज नसली की विहिरीचा पंप चालत नाही. आमच्याकडे वीज सव्वा महिना नव्हती. पोहरा आणि दोर ज्यांनी मोडीत काढले होते त्यांना तेव्हा शेजारी मागावे लागले.

ताडपत्रीविषयी मात्र मी हात जोडून सांगते की ती मे महिन्याच्या सुरुवातीला घेऊन ठेवा. निसर्गनंतर आठ दिवसांत मोसमी पाऊस आला आणि त्या आठ दिवसांत आसपासच्या बाजारात ना ताडपत्री उरली, ना पत्रे, ना कौले. जे होते ते दुप्पट भावाने. घराचे खरे नुकसान वाऱ्याने झाले त्याहून अधिक त्या पावसाने केले, हे तुमच्याही अनुभवावरून दिसते. जाड ताडपत्री, आढे ओलांडून दोन्हीकडे उतरेल एवढी मोठी असावी. तिच्या कडांच्या भोकांत दोऱ्या ओवून बांधली तर पहिल्याच सरीत भोके फाटतात. त्यापेक्षा कड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळून ती पट्टी वाशाला स्क्रूने बसवावी. आमची ताडपत्री अशा रीतीने दिवाळीपर्यंत टिकली.

नंतरच्या कामात सर्वांत आधी वीज. मेन स्विच वादळाआधीच बंद करावा, इन्व्हर्टरची वायर काढून ठेवावी, आणि भिजलेल्या भिंतींत वीज पुन्हा सुरू करण्यापूर्वी वायरमनकडून सगळे तपासून घ्यावे. वाडीत पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असेच समजावे. पडलेल्या कौलांच्या ढिगाऱ्यात आम्हाला घोणस सापडली होती, म्हणून पायांत गमबूट आणि हातात काठी असल्याशिवाय ढीग उपसू नये. साचलेल्या पाण्यात अनवाणी काम केल्यास लेप्टो या तापाचीही भीती असते. आणि भिंतींना गिलावा करण्याची घाई मुळीच करू नये. चिरा पाणी पिऊन घेतो आणि ते पुढचा उन्हाळा लागेपर्यंत सोडत नाही. आम्ही नवरात्रात गिलावा केला आणि होळीला तो सगळा फुगून खाली आला.

सातबारा

मी महसूल खात्यात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून फक्त कागदांबद्दल लिहितो.

पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीचे नुकसान असेल तर कृषी सहायक येतात. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे आहे, गावात अजून तरी जुनीच नावे चालतात.) या मंडळींकडे एका दिवसात पन्नास-साठ घरे असतात. ते आल्यावर घर झाडून-पुसून, कौले रचून ठेवलेले दिसले तर पडझड कमी लिहिली जाणे स्वाभाविक आहे. म्हणून ताडपत्री टाकण्यापूर्वीच, वादळ शमताच, घराच्या चारही बाजूंची आणि आतल्या प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत. पण त्याहून महत्त्वाची ती मे महिन्यात काढलेली, घर धड असतानाची छायाचित्रे, कारण तुलना त्यांच्याशीच होते. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून पाहावा. पडझडीच्या टक्क्यांचा रकाना, पडलेल्या झाडांची संख्या आणि घर पक्के की कच्चे, या तीन नोंदींवर सगळे अवलंबून असते. मातीत रचलेली चिऱ्याची भिंत काही जण कच्ची लिहितात. तेथे शांतपणे, परंतु तेव्हाच हरकत नोंदवावी.

मदतीबद्दल अवाजवी अपेक्षा ठेवू नयेत. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० रुपये ठरवलेले होते. मोठ्या आपत्तीत राज्य शासन वेगळा निर्णय घेऊन रक्कम वाढवते, जशी निसर्गनंतर वाढवली आणि फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये दिले. पण आपल्याकडे वाड्या (नारळ-सुपारीच्या बागा) गुंठ्यांत मोजतात, आणि हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम पाचशे रुपये. पाच गुंठ्यांत शंभर पोफळी (सुपारीची झाडे) गमावलेल्या माणसाला तो आकडा समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

घरपट्टी आजोबांच्या नावावर असणे ही कोकणातली घरोघरची गोष्ट आहे. वारस मुंबई, पुणे आणि परदेशात विखुरलेले, भावकीत बोलणे बंद, आणि घरात राहणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. वादळानंतर सर्व वारसांच्या सह्यांचे संमतीपत्र गोळा करायला महिने जातात. ते आत्ता करून घ्यावे. सगळे गणपतीला एकत्र येतात तेव्हा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या (घरपट्टीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्यावा आणि मदतीची रक्कम काकांच्या खात्यात जमा करण्यास हरकत नसल्याचे सर्वांचे पत्र तयार ठेवावे. त्या पत्राने कोणाचाही मालकी हक्क जात नाही, हे भावकीला स्पष्ट सांगावे, कारण सह्या अडतात त्या याच शंकेपायी.

विम्याचाही विचार करावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक झाले आहे. तिच्यात वादळ आणि पूर हे धोके मुळातच धरलेले असतात, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढे घरातील सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. विमा रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरवतात. जागेची किंमत तिच्यात धरायची नसते. मातीत बांधलेल्या भिंतींची माहिती अर्जात स्पष्ट द्यावी, लपवू नये. घराच्या पॉलिसीत वाडीतली झाडे येतात असे समजू नये. दावा करायचा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत मोडतोड टाकून देऊ नये. घर वाचवण्यासाठी ताडपत्री टाकण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नाही, तिची पावती तेवढी जपून ठेवावी.

पोफळीच्या_सावलीत

झाडांचा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही. निसर्गमध्ये माझ्या वाडीतल्या दोनशेपैकी एकशे चाळीस पोफळी मोडल्या, म्हणून अधिकाराने बोलतो असे समजा.

वादळानंतर भीतीपोटी लोकांनी घराभोवतीचे सगळे काही तोडून टाकले आणि पुढच्या वर्षी तौक्तेच्या वेळी त्यांच्या छपराला वाऱ्याचा थेट मार बसला. दाट वाडी वाऱ्याचा जोर मोडते. म्हणून सरसकट तोड करू नये, झाड पाहून ठरवावे. नारळ मुळांनी घट्ट असतो आणि वाकतो, पण सहसा मोडत नाही. आपली तीन झाडे सरळ असतील, त्यांच्या बुंध्याला पोकळी नसेल आणि मुळे उघडी पडलेली नसतील तर ती राहू द्यावीत. फक्त घराकडे झुकलेले झाड असेल तर ते काढावे. फणसाचे तसे नाही. तो पसरतो, त्याचा पर्णसंभार शिडासारखा वारा धरतो आणि भिजलेल्या जमिनीतून तो मुळांसकट उपटून येतो. दहा-पंधरा फुटांवरचा मोठा फणस घरावर पडला तर वर सांगितलेला काँक्रीटचा पट्टाही काही करू शकणार नाही. अख्खा तोडवत नसेल तर फळे उतरवून झाल्यावर घराकडच्या फांद्या आणि शेंडा उतरवून त्याची उंची घराच्या आढ्याएवढी करावी, आणि ते काम दर दोन वर्षांनी न चुकता करावे. वर्षाला पन्नास फणस देणाऱ्या झाडावर कुऱ्हाड घालायला काका तयार होणार नाहीत, हे मी न पाहता सांगू शकतो.

पडलेल्या झाडांची विल्हेवाट हा पुढचा भाग. नारळाचे पडलेले ओंडके वाडीत कुजत ठेवले की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि वर्षभरात तो वाचलेल्या नारळांचे शेंड्यातले न उघडलेले कोवळे कोंब पोखरतो. आमच्या आळीत वादळातून वाचलेले माड नंतर असे गेले. खोड फाडून वाळवावे, किंवा एका बाजूला नेऊन जाळावे, आणि शेणाचा ढीगही उपसून टाकावा, कारण भुंग्याला तोही चालतो. कोवळा, तीन-चार वर्षांचा माड कलंडला असेल तर आठवड्याच्या आत दोरांनी उभा करून, मुळांवर माती ओढून, तिन्ही बाजूंनी टेकू दिल्यास जगतो. मोठी पोफळ एकदा मोडली की संपली. नवीन लावल्यावर सहा-सात वर्षे थांबण्याची तयारी हवी. मी श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपे २०२१ च्या पावसात लावली, आधी केळीची सावली करून, आणि दोन वर्षे लोक मला वेड्यात काढत होते.

वाडी_आणि_वाडा

सर्वांचे मनापासून आभार. फणसाबद्दलचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, काल फोनवर विषय काढला तर काका म्हणाले, "आधी मला उतरव, मग फणस उतरव." शेंडा कमी करण्यावर तडजोड झाली आहे.

निवृत्त स्थापत्य साहेबांना दोन शंका विचारायच्या आहेत. एक, गावातले सुतार म्हणतात की सागवानी वाशाला भोक पाडून बोल्ट मारला तर वासा तेथेच कमजोर होतो. दोन, ठेकेदार म्हणतो की पट्टा, पट्ट्या आणि नवे वासे यांवर एवढा खर्च करण्यापेक्षा त्यात थोडी भर घालून स्लॅबच टाकला की वादळाची चिंता कायमची मिटेल. घरातल्या काही जणांना ते पटू लागले आहे.

निवृत्त_स्थापत्य

सुतारांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. वाशाच्या जाडीच्या मानाने मोठे भोक, तेही कडेजवळ पाडले तर वासा तेथे चिरतो. म्हणूनच पट्टी वाशावरून वळवून घ्यायची असते, म्हणजे ओढ पट्टीच्या वेढ्यावर येते आणि बोल्ट फक्त तिला जागेवर धरून ठेवतो. दहा मिलिमीटरचा बोल्ट, वाशाच्या मधोमध, टोकापासून वीतभर आत, एवढे पथ्य पाळले तर भीती नाही. जुने वासे उतरवताना भिंतीत बसलेली त्यांची टोके टोचून पाहावीत. वाळवी आणि कूज नेमकी तेथे असते आणि खालून दिसत नाही.

स्लॅबबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलो होते, म्हणजे कौले आणि लाकूड मिळून होणाऱ्या वजनाच्या सुमारे चौपट. ते मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर टाकणे म्हणजे वादळाची चिंता मिटवून रोजची चिंता विकत घेणे होय. ठेकेदार जर स्वतंत्र पाया आणि खांब घेऊन स्लॅब टाकतो म्हणत असेल तर ते नवे घर झाले. त्याचा खर्च चार लाखांत बसणार नाही, आणि समुद्रापासून चारशे मीटरवर सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांनुसार जुन्या घराची दुरुस्ती आणि नवे बांधकाम या वेगळ्या बाबी आहेत, हेही त्याला विचारावे. शिवाय खाऱ्या हवेत स्लॅबच्या सळया गंजून फुगतात आणि खालचे काँक्रीट पडू लागते. किनाऱ्यावरची वीस-पंचवीस वर्षांची असंख्य घरे आज त्या अवस्थेत आहेत, विशेषतः जेथे स्वस्तात पडते म्हणून पुळणीची (समुद्रकिनाऱ्यावरची) वाळू वापरली गेली. आपल्या भिंतींवरच्या पट्ट्यासाठीही नदीची किंवा दगडाची धुतलेली चूरवाळूच वापरावी आणि सळईवर काँक्रीटचे आवरण दीड-दोन इंचांपेक्षा कमी राहू देऊ नये. ओतताना आपण स्वतः उभे राहावे.

पैसे अपुरे पडू लागले तर पडवी पुढच्या वर्षावर ढकलावी. पट्टा आणि वाशांच्या पट्ट्या मात्र अर्धवट ठेवू नयेत, कारण तीन भिंतींवर घेतलेला आणि चौथीवर सोडलेला पट्टा निरुपयोगी असतो.

हर्णैची_सून

एक गोष्ट राहून गेली, ती विहिरीची. वादळानंतर विहिरीत पाला, कौलांचे तुकडे आणि क्वचित मेलेले पक्षी असतात. ते काढून, शक्य असल्यास पाणी एकदा उपसून, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी. आरोग्यसेवक सांगतात ते नेहमीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर दहा फूट रुंद आणि पाणी साडेसहा फूट असेल तर ते चौदा हजार लिटर होते, म्हणजे पस्तीस ग्रॅम. गढूळ पाण्याला आम्ही दुप्पट घेतली होती. पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसल्यावर फक्त वरची निवळी पोहऱ्याने विहिरीत खोलवर सोडावी आणि तासभर पाणी काढू नये. खारे पाणी शिरले असेल तर पंप लावून एकदम तळ गाठू नये, नाहीतर खालून आणखी खारेच येते. थोडे थोडे उपसत राहावे, पुढे पाऊस ते गोड करतो.

टीसीएलचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो, म्हणून मे महिन्यात ताडपत्रीसोबत नवी पुडी आणावी. काकूंना सांगून ठेवा, काका विसरतील.